इस्माईल सरांनी मोडलेला शब्द

सर, तुम्हाला दुपारच्या नमाजानंतर नेलं. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून आम्ही मैदानावर जमलो. तुमच्या संघातल्या चौदा मुली, चार-पाच जुन्या आणि मी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बराच वेळ सगळ्या गोलपोस्टमागच्या सावलीत नुसत्या उभ्या होत्या. मग जुन्यांपैकी स्नेहल म्हणाली, "आलोच आहोत तर वॉर्मअप करू या. सरांनी असं उभं राहू दिलं असतं का?"

मुलींनी बॅगा खाली ठेवल्या. मीही ओढणी कमरेला बांधून शेवटच्या रांगेत उभी राहिले. वीस मिनिटं. एका पायावर तोल, उडी मारून अलगद खाली येणं, पळता पळता वळणं. एरवी तुम्ही रेषेबाहेरून ओरडत असता. त्या दिवशी फक्त बुटांचा आवाज येत होता. संपल्यावर संघातल्या सगळ्यात लहान मुलीने विचारलं, "आता बॉल काढू का?" सगळ्या बॅगा उचलू लागल्या. ती बिचारी तशीच उभी राहिली, आणि मग आम्ही आपापल्या घरी गेलो.

आज अकरावा दिवस. पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. कारखान्यात फिटर होतात, निवृत्तीनंतर पूर्ण वेळ मुलींना फुटबॉल शिकवलंत, वगैरे. सगळं खरं आहे. पण माझं तुमच्याशी जे बोलणं राहिलंय ते त्या चार ओळींत कुठे नाही. ते त्याच वीस मिनिटांबद्दल आहे.

मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही वाकून फक्कीने पेनल्टीची चौकट आखत होता. मी म्हणाले, "मी मुग्धा. फिजिओथेरपिस्ट आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्याच्या दुखापतींवर पीएचडी करतेय."

वर न बघता तुम्ही म्हणालात, "गुडघ्यावर पीएचडी. मग बाकीचा माणूस कुणाकडे न्यायचा?"

मला राग आला होता. पण तुम्ही रेष पूर्ण करून हात झटकलेत आणि म्हणालात, "बसा. ऊन आहे, पण इथे सगळ्यांना सारखंच मिळतं."

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. गुडघ्यात हाडांना धरून ठेवणारा एसीएल नावाचा बंध असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, आणि पुष्कळदा कुणी धक्कासुद्धा दिलेला नसतो. उडीवरून खाली येताना, अचानक वळताना तुटतो. काही ठरावीक व्यायाम सरावाआधी केले तर हे कमी होतं असं परदेशात दिसलंय. पण तिकडे हिरवळीची मैदानं, चांगला आहार. आपल्या मुरमाच्या मैदानावर, सकाळी चहा-बिस्किटावर आलेल्या मुलींना त्याचा उपयोग होतो का, ते कुणी नीट पाहिलेलं नाही. म्हणून सहा क्लब घ्यायचे. चिठ्ठ्या टाकायच्या. तीन क्लब व्यायाम करतील, तीन नेहमीप्रमाणे सराव करतील. सीझनभर मी प्रत्येक सराव आणि प्रत्येक दुखापत लिहून काढीन.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग विचारलंत, "म्हणजे तीन क्लबच्या पोरींना औषध देणार, आणि तीन क्लबच्या पोरी कधी पडतात ते बघत बसणार?"

"ते औषध आहे की नाही, तेच तर बघायचंय, सर."

"आणि असलं तर?"

"तर सीझन संपल्यावर तुम्हालाही शिकवीन."

"तोपर्यंत जी पडेल तिचं काय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. अशी तुलना केल्याशिवाय खरं काय ते कळत नाही, आणि खरं कळल्याशिवाय पुढच्या मुलींना मदत करता येत नाही. ते उत्तर चुकीचं नव्हतं, सर. मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवते. तुम्ही थोडा विचार केलात आणि हात पुढे केलात. "ठीक आहे. तुमच्या नियमाप्रमाणे वागीन. शब्द दिला."

चिठ्ठीत तुमचा क्लब 'नेहमीप्रमाणे' निघाला. तुम्ही ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितलीत. "लॉटरी मला कधीच लागलेली नाही," म्हणालात.

त्या सीझनचे पहिले महिने मला फार आवडतात. तुमच्या मैदानावर मी मोजायला यायचे आणि शिकून जायचे. कुठली मुलगी उपाशी आलीय हे तुम्हाला तिच्या तिसऱ्या धावेत कळायचं. खिशातून चणे-गूळ काढून तिच्या हातावर ठेवायचात आणि मला म्हणायचात, "लिहा तुमच्या तक्त्यात, इंधन." माझ्या तक्त्यात पाळीच्या तारखांचाही रकाना होता. तो पाहून तुमचे कान लाल झाले. मला वाटलं, आता तक्ता परत करणार. पण तुम्ही तो स्नेहलच्या हातात दिलात. "हा रकाना हिने भरायचा. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. पण महत्त्वाचं असेल तर भरायचाच." आणि पुढच्याच आठवड्यात, पोट धरून बसलेल्या एका मुलीला "पळ, नाटकं करू नको" असं म्हणता म्हणता तुम्ही थांबलात. ते मी पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही लाजला असतात.

स्नेहल तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत. धायरीहून दोन बस बदलून यायची. तिच्या घरची जमीन सोसायट्यांच्या इमारतींखाली गेलेली, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. संघातली सगळ्यात वेगवान मुलगी.

एका सकाळी तुम्ही मला रेषेपाशी बोलावलंत. "डॉक्टर, इकडे बघा. ही उडीवरून खाली आली की डावा गुडघा आत जातो. तीन आठवडे बघतोय मी. काय करून घेऊ हिच्याकडून?"

मी बघितलं. स्नेहलने हवेत झेप घेतली, खाली आली आणि डावा गुडघा उजव्याकडे झुकला. तुमची नजर बरोबर होती. काय करून घ्यायचं तेही मला ठाऊक होतं. कमरेच्या स्नायूंची ताकद, खाली उतरण्याचा सराव, दहा मिनिटांत दाखवता आलं असतं.

मी म्हणाले, "सर, आत्ता मी काही सांगितलं तर तुमचा गट बिघडेल. सीझन संपल्यावर नक्की सांगते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात.

माझ्याच कागदपत्रांत लिहिलेलं होतं, एखाद्या खेळाडूला धोका आहे असं वाटलं तर तिला सांगायचं. मी स्वतःची समजूत घातली की हा धोका नव्हे. असे आत जाणारे गुडघे घेऊन कितीतरी मुली वर्षानुवर्षं खेळतात, त्यांना काहीही होत नाही. हेही खरं आहे. पण मी गप्प बसले ते त्या कारणाने नाही. मी गप्प बसले कारण मला माझा तक्ता स्वच्छ हवा होता.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, रविवारच्या सामन्यात, स्नेहलने उंच आलेला बॉल छातीवर घेतला, खाली आली, वळली आणि बसली. तिच्या जवळपास कुणीही नव्हतं. ती रडली नाही. तुम्ही धावत गेलात तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, आत काहीतरी तुटलं."

तुम्ही तिला उचलून बाहेर आणलंत. माझ्या हातात दुखापत नोंदवायचा फॉर्म होता. 'दुखापत कशी झाली' या रकान्यात मला 'कुणाच्याही धक्क्याशिवाय' असं लिहायचं होतं. ते दोन शब्द मी दोनदा खोडले.

हॉस्पिटलात स्नेहलचे वडील आले. सगळे त्यांना नाना म्हणतात. एमआरआयचा निकाल कळलेला होता, ऑपरेशन करावं लागणार होतं. ते सरळ तुमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, पोरगी तुमच्या हवाली केली व्हती. मी नगंच म्हनत व्हतो. तिची आय म्हनली, सर हायेत, काळजी न्हाई. तीस वर्सं शिकवताय म्हनं. मंग तुमाला आधी दिसलं कसं न्हाई?"

मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. फाईल छातीशी धरून. दिसलं होतं, विचारलंही होतं, या बाईंना विचारलं होतं, एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला.

तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं."

"आमच्या दाराला पाय लावू नका परत," नाना म्हणाले आणि आत गेले.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. त्या क्षणी नाही, नंतर जिन्यातही नाही. बघितलं असतंत तर कदाचित मी बोलले असते. का कोण जाणे, मला तरी तसं वाटतं.

महिन्याभराने मी ठरलेल्या शुक्रवारऐवजी बुधवारीच मैदानावर आले आणि तुमच्या मुली व्यायाम करताना दिसल्या. माझे व्यायाम. तुम्ही दुसऱ्या एका क्लबच्या मैदानावर चार सकाळी कट्ट्यावर बसून ते डायरीत उतरवून आणले होते. फिटरच्या हाताने काढलेल्या आकृत्या, गुडघ्याचा कोन अंशांत.

"सर, हे काय चाललंय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडला. आयुष्यात पहिल्यांदा मोडला, आणि मला झोप मस्त लागते."

मुली ऐकत होत्या तरी मी आवाज चढवला. एक संघ बाद झाला की सगळा अभ्यास लंगडा होतो. उद्या कुणी विचारलं, हे व्यायाम आपल्याकडे खरंच उपयोगी आहेत का, तर मी काय दाखवू? इथल्या मुलींसाठी तुम्ही पुढच्या हजार मुलींचं नुकसान करताय.

"त्या हजार मी बघितलेल्या नाहीत, डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "या चौदा बघितल्यात."

मी फाईल उचलली आणि निघून गेले. तुमचा क्लब वगळावा लागला. गाईडची बोलणी खाल्ली, नवीन क्लब शोधण्यात वर्ष गेलं. तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की काही तर मी तेव्हाच शिकले होते.

हे भांडण संपलेलं नाही बरं का, सर. तुम्ही गेलात म्हणून मी हार मानणार नाही. आणखी चार महिने थांबला असतात तर माझ्या हातात काहीतरी भक्कम आलं असतं, आणि ते दाखवून मी आणखी कितीतरी क्लबांना पटवू शकले असते. हे मला अजून वाटतं. आणि त्या चार महिन्यांत तुमची आणखी एक मुलगी पडली असती तर? तिच्या वडिलांसमोर मी उभी राहू शकले असते का? याचं उत्तरही मला माहीत आहे.

मग एक दिवस तुम्ही सिंहगड रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये आलात. मागे स्नेहल. ऑपरेशन होऊन चार महिने झालेले, पाय वाळलेला, चालणं तिरकं. तुम्ही म्हणालात, "माझ्याशी बोलू नका. हिच्याशी बोला." आणि बाहेर बाकावर जाऊन बसलात.

आठवड्यातून दोनदा तुम्ही कॅम्पातून स्कूटरवर धायरीपर्यंत यायचात. नानांनी दाराला पाय लावू नका म्हटलं होतं, म्हणून फाट्यावर थांबायचात. स्नेहल तिथपर्यंत चालत यायची. तिच्या आईला माहीत होतं, नानांनाही असावं. त्या बाकावर बसून माझ्याकडचं मणक्याचं चित्र तुम्ही पाठ केलंत. तिसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला चहा आणून दिला. "साखर कमी आहे," तुम्ही म्हणालात. आपलं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

ऑपरेशननंतरच्या सातव्या महिन्यात स्पर्धेची उपांत्य फेरी आली. स्नेहल पळत होती, दुखत नव्हतं, तिने हट्ट धरला. तुम्ही एकटे आत आलात आणि दार लावून घेतलंत.

"तुमचा कागद काय म्हणतो?"

मी दाखवलं. डाव्या पायाची ताकद उजव्याच्या बरीच मागे होती. "अजून तीन-चार महिने. आत्ता खेळली तर पुन्हा तुटायची भीती आहे."

"ती नसेल तर संघ हरेल."

"हरेल."

"बरं," तुम्ही म्हणालात.

संघ तीन गोलांनी हरला. स्नेहलने तुमच्याशी बोलणं बंद केलं. "धायरीत बाप बोलत नाही, आता मुलगीही बोलत नाही," तुम्ही मला सांगितलंत. "चांगलं नाव कमावलंय मी त्या गावात." अकराव्या महिन्यात ती मैदानावर उतरली. त्यानंतर तीन सीझन खेळली. आता हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी लहान मुलींना शिकवायला येते.

नाना तिचे सामने बघायला यायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. दर वेळी तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवायचात. त्यांनी एकदाही उलट हलवली नाही. तुम्ही पुढच्या वेळी पुन्हा हलवायचात.

पीएचडी मिळाल्यावर मी प्रबंध आणि पेढे घेऊन आले होते, आठवतं? तुम्ही पेढा तोंडात टाकून विचारलंत, "मग होतो का उपयोग?"

"होत असावा. व्यायाम केलेल्या संघांत दुखापती कमी दिसल्या. पण मुली थोड्या होत्या, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही."

"थोड्या का होत्या?"

"तुमच्यामुळे."

तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. मग प्रबंधातलं त्याबद्दलचं पान मला मराठीत वाचून दाखवायला लावलंत. 'ठरलेल्या पद्धतीचा भंग झाल्याने एक संघ वगळण्यात आला.' तुम्ही त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलंत आणि जवळच्या मुलींना म्हणालात, "हे मी."

त्यानंतरचा माझा अभ्यास मी वेगळा आखला. त्यात प्रत्येक क्लबला व्यायाम मिळतात. चिठ्ठी फक्त आधी कुणाला, नंतर कुणाला, एवढंच ठरवते. मंजुरीच्या सभेत याचं कारण विचारलं तेव्हा मी मोठमोठी शास्त्रीय कारणं दिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं. खरं कारण मात्र तुम्ही होता. गेल्या वर्षी क्लबच्या संमतीचा अर्ज घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही चष्मा लावून सगळा वाचलात. "यात कुणी बघत बसण्यासाठी ठेवलेलं नाही ना?" विचारलंत. मी नाही म्हणाले. तुम्ही सही केलीत. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच ते दुसरंही, हॉस्पिटलात मी गप्प राहिल्याचं. पण सामना सुरू व्हायचा होता, तुम्ही शिट्टी शोधत होता आणि मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी.

मग त्या दिवशी सकाळी मैदानावर निघताना बूट घालता घालता तुम्ही कोसळलात. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नवव्या दिवशी मी धायरीला गेले. नाना दुकानात एकटेच होते. मी बसले नाही. बसले असते तर बोलणं जमलं नसतं.

"नाना, इस्माईल सरांना दिसलं होतं. स्नेहल पडायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, हिचा गुडघा आत जातो, काय करू म्हणून. मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही."

"का न्हाई दिलं?"

"माझा अभ्यास बिघडला असता."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक नळाचा वायसर मागायला आलं. नानांनी तो शोधला, दिला, पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मंग त्यांनी तवाच का न्हाई सांगितलं मला? मी एवढं बोललो त्यांना."

"मला माहीत नाही, नाना."

"पाच वर्सं," ते म्हणाले. "पाच वर्सं मानूस मान हलवत व्हता." मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्यांनी शर्ट बदलला, भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाले, "घर कुठाय त्यांचं? चला."

तुमच्या मुलाने दार उघडलं. भाभी इद्दतीत आहेत, तुमच्यामागे चार महिने दहा दिवस त्या परक्या पुरुषासमोर येत नाहीत. त्या आतल्या खोलीत दाराच्या पडद्यामागे बसल्या. मी आत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. नाना बाहेर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि पडद्याकडे बघून बोलले.

"ताई, मी स्नेहलचा बाप. धायरीचा. मी साहेबांना लई वाईट बोललो व्हतो हॉस्पिटलात."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मग पडद्याला म्हणाल्या, "कधी? मला तर माहीत नाही."

"त्यांनी घरी सांगितलं न्हाई?"

"नाही हो. स्नेहलचं सांगायचे, तिचा गुडघा आता असा वाकतो, तसा वाकतो. तुमचं नाव निघालं तर म्हणायचे, बाप काळजीवाला आहे तिचा."

बाहेर खुर्ची सरकली. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, नाना उभे राहिले होते. त्यांनी पडद्याला हात जोडले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. मी भाभींना सगळं सांगितलं, माझा भागही. त्यांनी माझा हात हातात घेतला. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. "ते तुमच्यावर चिडायचे," एवढंच म्हणाल्या, "पण तुमच्या विरुद्ध दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत."

नाना जिन्याच्या वळणावर थांबले होते. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "ही तुमची चूक व्हती, हे तुमी सरांना कदी म्हनालात का? त्यांच्या तोंडावर?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग आपन दोघं सारखेच."

ते एवढंच बोलले आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरले. मी दोन पायऱ्या मागून.

सर, परवा दुपारी तुमच्याकडे माफी मागायला दोन माणसं आली होती. तुम्ही घरी नव्हतात.